साखळी सुटेपर्यंत

साखळी बांधायचं काम वेरोना ह्रिंको कुणालाही करू देत नसे. सत्त्याऐंशीव्या वर्षी ती गुडघ्यांवर टेबलाखाली शिरली, चारी पायांभोवती लोखंडी साखळी फिरवली, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. तिचा नवरा जुराय याने ती साखळी भट्टीच्या कारखान्यातून आणली होती, थोरला ओंद्रे जन्मला त्या वर्षी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबल असं बांधलं की घर वर्षभर एकत्र राहतं. साखळी सुटेपर्यंत घरच्या बाईखेरीज कुणी उठायचं नाही. मध्येच उठेल तो पुढच्या वर्षी टेबलाला नसतो. वेरोनाच्या एका दिराने मुद्दाम उठून दाखवलं होतं आणि फेब्रुवारीत त्याला न्यूमोनियाने नेलं. त्यानंतर या घरात तो प्रयोग कुणी केला नव्हता.

पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, असाही नियम होता. पण एरी शहरात डिसेंबरात चांदणी दिसायला सरोवरावरच्या ढगांची परवानगी लागते आणि ते मार्चपर्यंत ती देत नाहीत. म्हणून समोरच्या चर्चच्या दारावरचा दिवा लागला की वेरोना म्हणायची, "निघाली." आज ती पाच वाजून दहा मिनिटांनी निघाली.

यंदा टेबलाला पाचच जण होते. वेरोना, तिचे दोन मुलगे ओंद्रे आणि मेटो, ओंद्रेची बायको लेनोर आणि त्यांची मुलगी पॉला. सहावं ताट जुरायचं. तो जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्याच्या ताटात अजून सगळ्यांच्या आधी सूप वाढलं जाई. वेरोनाने बोटावर मध घेतला आणि एकेकाच्या कपाळावर क्रॉस काढत फिरली. मेटोपाशी आल्यावर तिचं बोट जरा थबकलं. धाकटा वाळला होता. साठीचा एवढा धिप्पाड माणूस, पण गालाची हाडं वर आली होती, आणि मोठा भाऊ त्याच्याकडे बघायचं टाळत होता. दोन मुलं वाढवलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं. काहीतरी शिजतंय, आणि ते माझ्या चुलीवर नाही, असं तिच्या मनात आलं.

तिने काही विचारलं नाही. सूप गरम होतं.

लेनोरला मात्र घास उतरत नव्हता. काय शिजतंय हे तिला सोमवारपासून ठाऊक होतं. तिचा नवरा एरी स्टीमर्सचा मुख्य प्रशिक्षक. बावीस हंगाम एकाच संघाबरोबर, दोनशे अकरा विजय, दोनदा अजिंक्यपद. त्या दोन अजिंक्यपदांच्या अंगठ्या त्याने कधी घातल्या नाहीत, कारण पहिली दाखवायला आणली तेव्हा आईने विचारलं होतं, भांडी घासताना ही काढून कुठे ठेवणार? शाळेत गाडी चालवायला शिकवता शिकवता पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवणारा हा माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक संघाचा प्रमुख झाला, आणि तेव्हापासून या गावात त्याला कुणी चहाकॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत. मेटो पुढच्या फळीचा प्रशिक्षक. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच आडदांड गडी, ते त्याचे. वीस वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका कॉलेजने मेटोला मुख्य प्रशिक्षक केलं होतं. ओंद्रेचा फोन आला, "ये," आणि मेटोने आठ दिवसांत ते पद सोडलं.

गेले दोन सामने संघ हरला होता. दोन सामन्यांत भिंत तेरा वेळा फुटली आणि बिचारा क्वार्टरबॅक तेरा वेळा पाठीवर पडला. रविवारी हरलं की हंगाम संपला. सोमवारी संघाच्या मालकीणबाई मिसेस प्रेंटिस यांनी ओंद्रेपुढे पुढच्या तीन वर्षांचा करार ठेवला आणि अट सांगितली. रविवारी मेटो मैदानात नको. पुढेही नको. उत्तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत हवं.

लेनोर त्याला म्हणाली होती, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मेटोला आधी सांग. ओंद्रेने आयुष्यात एकतीस सहायकांना काढलं होतं आणि प्रत्येकाला समोर बसवून स्वतः सांगितलं होतं. या एकालाच सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

खसखस लावलेले कणकेचे गोळे आले तेव्हा साडेसहा झाले होते. मेटोने चार घेतले आणि सहज बोलावं तसा बोलला.

"मालकीणबाई आज सरावाला आल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या."

"मग चांगलंच आहे की," लेनोर म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"सात वर्षांत पहिल्यांदा हसल्या, वहिनी. माझ्या बायकोच्या अंत्यविधीला आल्या होत्या तेव्हाही नव्हत्या हसल्या, आणि तेव्हा मी विनोद सांगितला होता."

तेवढ्यात पावाच्या डब्यात फोन वाजला. नाताळच्या जेवणाआधी सगळ्यांचे फोन पावाच्या पत्र्याच्या डब्यात जात. डबा ओट्यावर थरथरू लागला. वाजतोय कुणाचा हे सगळ्यांना कळलं, कारण स्टीमर्सचं गाणं एकट्या ओंद्रेच्या फोनवर होतं. सातला पंचवीस मिनिटं बाकी होती, पण मालकीणबाईंना वाट बघायची सवय नव्हती. ओंद्रेने टेबलाच्या कडेवर हात टेकला आणि उठू लागला.

"बस," वेरोना म्हणाली.

"आई, महत्त्वाचं आहे."

"तुझा काकाही असाच उठला होता."

दोनशे अकरा सामने जिंकलेला माणूस खाली बसला. डबा आणखी थोडा वेळ थरथरला आणि गप्प झाला.

"काय विचारतेय ती?" मेटोने विचारलं. आवाज शांत होता. त्याला उत्तर ठाऊक होतं, फक्त भावाच्या तोंडून हवं होतं.

ओंद्रेने सांगितलं. आडपडदा न ठेवता, आकडे न लपवता, अगदी "मी बघतो" असं आपण मालकीणबाईंना म्हणालो होतो हेसुद्धा. आपण "नाही" म्हणालो नाही ही गोष्ट स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला लाज वाटली. मेटो ऐकत राहिला. मग त्याने रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला.

"सोमवारी कळलं तुला. आज गुरुवार. चार दिवस रोज सकाळी माझ्या शेजारी उभा राहून कॉफी प्यायलास."

"हो."

"गडी काढायचा तर त्याच दिवशी काढायचा, हे तूच मला शिकवलंस."

"हो."

मेटोने खुर्ची मागे सरकवली. खुर्चीचा पाय साखळीला लागून आवाज झाला, आणि वेरोनाने मुलाच्या मनगटावर हात ठेवला. जोर लावला नाही. त्या हाताला आता जोर राहिलाही नव्हता.

"भांडायचं तर बसून भांड," ती म्हणाली. "मला पुढच्या वर्षी दोन रिकामी ताटं मांडायची नाहीत."

तो बसला. पण भावाकडे पाठ होईल असा, खुर्चीत तिरका.

आता पॉलाने चमचा खाली ठेवला. ती चौतीस वर्षांची. संघाच्या व्हिडिओ कक्षात दिवसाचे चौदा तास सामन्यांच्या फिती बघणं हे तिचं काम. काका तिला "टीव्हीवाली" म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, पण तिचं ऐकायचा नाही. मंगळवारी पहाटे तिला एक गोष्ट दिसली होती. ती तिने वडिलांना सांगितली आणि वडील म्हणाले, नाताळ होऊ दे, मग बघू. नाताळ होऊ दे. या घरात अवघड गोष्टी नेहमी नाताळवर ढकलल्या जातात, आणि नाताळला सगळ्यांना साखळीने बांधून ठेवतात. तिला एकाएकी वडिलांचा फार राग आला.

"काका, तुझे गडी कच्चे नाहीत," ती म्हणाली. "तुझे गडी बोलतात."

"काय बोलतात?"

"चाल सुरू व्हायच्या आधी सगळं सांगून टाकतात. चेंडू घेऊन धावायचं असलं की पुढे रेटायचं असतं, म्हणून जमिनीवर टेकलेल्या हातावर वजन टाकतात. बोटांची पेरं पांढरी होतात. फेकायचं असलं की मागे सरकून उभं राहायचं असतं, म्हणून हात नुसता टेकवतात. पेरं लाल राहतात. गेल्या दोन संघांना हे कळलं होतं. रविवारच्या पाहुण्यांनाही कळलेलं असणार. आपण पत्ते उताणे ठेवून खेळतोय. बाबांना मी हे मंगळवारीच सांगितलं."

"तो हात माझ्या बापाने शिकवला," मेटो म्हणाला. "मला आणि तुझ्या बापाला. याच स्वयंपाकघरात. त्या हाताने दोन अजिंक्यपदं आणली."

"तेव्हा कुणी बघितलं नव्हतं."

"टीव्हीवाली, माणसाच्या पेरांचा रंग बघून सामने जिंकता येत असते तर एव्हाना डॉक्टर प्रशिक्षक झाले असते."

लेनोर हसली. ओंद्रे हसला नाही. तो मुलीकडे बघत होता, आणि मंगळवारीच हे आपण मेटोला असं तोंडावर का सांगितलं नाही, याचा विचार करत होता.

"मग ठेव हात टेबलावर," पॉला म्हणाली. "जमीन समज. मनात ठरव, धाव की फेक. मी बोटांकडे बघून सांगते."

मेटोने बाही वर केली. अशा आव्हानाला नाही म्हणणारा ह्रिंको अजून जन्मायचा होता. टेबलक्लॉथखाली रीतीप्रमाणे पेंढा पसरला होता. मेटोने खुर्चीतच पुढे वाकून त्यावर तीन बोटं रोवली. पेंढा करकरला.

"धाव," पॉला म्हणाली.

त्याने हात उचलून पुन्हा ठेवला.

"फेक."

पुन्हा.

"फेक. तेच ठेवलंस, मला फसवायला."

सहाव्या खेपेला तिने डोळे मिटून घेतले आणि नुसत्या पेंढ्याच्या आवाजावरून सांगितलं. आठव्या खेपेपर्यंत तिचं एकदाही चुकलं नाही. मेटो आपल्या हाताकडे बघत राहिला. चाळीस वर्षं त्याने शेकडो पोरांना हा हात शिकवला होता. अंधारात शिकवला असता, झोपेत शिकवला असता. पंधरा दिवस तो खेळाडूंचे बूट तपासत होता, त्यांची झोप, त्यांचा आहार, त्यांची लग्नं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. 

"म्हाताऱ्याने चुकीचं शिकवलं म्हणायचं," तो म्हणाला.

"तुझ्या बापाने बरोबर शिकवलं," वेरोना म्हणाली. "कारखान्याच्या संघात चेंडू फेकत कोण होतं? सगळे नुसते धावायचे. पेरं पांढरी असली काय आणि हिरवी असली काय. तुम्ही मोठे झालात, फेकायला लागलात, आणि हात तोच ठेवलात. यात त्याचा काय दोष?" तिने जुरायच्या ताटातलं निवलेलं सूप उगाच चमच्याने ढवळलं. "आणि ओंद्रे, पोरीने तुला मंगळवारी सांगितलं ना? मग तिलाही तीन दिवस गप्प बसवलंस आणि यालाही अंधारात ठेवलंस. मालकीणबाईंना काय घाबरतोस? तू आपल्या भावाला घाबरलास."

ओंद्रेने मान हलवली. आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि वाद घालण्यासारखं काही नव्हतंही.

"पोरीचं खरं आहे," मेटो म्हणाला. तो आता सरळ बसला होता. "तेरा वेळा तो पोरगा माझ्यामुळे पडला. सही कर, ओंद्रे. मी जातो. रागाने नाही म्हणत."

ओंद्रेच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते लेनोरने लगेच ओळखलं. सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांत, संघ मागे असताना, कॅमेरे त्याच्या चेहऱ्यावर जातात ते यासाठीच. सगळे घाबरलेले असतात आणि हा माणूस निवांत होतो. त्याने अख्ख्या कारकिर्दीत एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली केली होती. समोरच्याला काय ठाऊक आहे ते तो आधी शोधायचा, आणि मग त्याला तेच दाखवायचा.

"पाहुण्यांना आपला हात ठाऊक आहे," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय," पॉला म्हणाली.

"त्यांना तो ठाऊक आहे हे आपल्याला कळलंय, हे त्यांना ठाऊक नाही." त्याने ताट बाजूला सारलं. "मेटो, पेरं पांढरी करून मागे बसता येईल?"

"म्हणजे धावायचा हात दाखवून फेकायचं?"

"रविवारी पहिल्या तीन चाली खरोखर धावू. पांढरी बोटं, धाव. त्यांना वाटू दे, हे शहाणे अजून झोपलेत. चौथ्या चालीला पांढरी बोटं आणि लांब फेक. त्यांचे सगळे गडी पुढे धावून आलेले असतील. मागे चिटपाखरू नसेल."

मेटोने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग त्याचा हात आपोआप टेबलावर गेला. बोटं दाबली, खांदा मागे घेतला. पेंढा वाजला.

"वजन हातावर टाकलं तर मागे जाता येत नाही. पण बोटं नुसती दाबायची, जोर मनगटात ठेवायचा, आणि बैठक टाचांवर..." तो स्वतःशीच बोलत होता. "दीडदीडशे किलोचे गडी आहेत, ओंद्रे. उद्या सकाळचा सराव आणि शनिवारचा. दोनच."

"दोन सरावांत त्यांना हे दुसरं कोण शिकवेल?"

"कुणी नाही," पॉला म्हणाली. "काकाचा हात त्यांच्या अंगात मुरलाय. तो बदलायचा तर काकानेच."

मेटोने पुतणीकडे पाहिलं. "उद्या सहाला तुझी ती फीत घेऊन ये. प्रत्येकाची पेरं वेगळी दाखव. नावानिशी."

"साडेपाचला येते."

"टीव्हीवाली," तो म्हणाला, पण या वेळी त्या शब्दात मान होता आणि तिला तो कळला.

डबा पुन्हा थरथरला. सातला पाच मिनिटं होती. सगळ्यांनी वेरोनाकडे पाहिलं, कारण टेबलावरून उठायची मुभा तिला एकटीलाच होती. ती सावकाश उठली, एप्रनला हात पुसले, डबा उघडला आणि चार फोनांतून वाजणारा नेमका शोधून कानाला लावला.

"वेरोना ह्रिंको बोलतेय. हो, त्याची आई. तो जेवतोय. नाही, उठू शकत नाही, साखळी लावली आहे." पलीकडून बरंच बोलणं झालं. "तसं नाही हो. टेबलाला. माझे दोन्ही मुलगे जेवतायत, आणि अजून सफरचंद कापायचंय. झालं की तो करेल. तुम्ही जेवलात का?" ती थोडा वेळ ऐकत राहिली. "एकट्याच? मग उद्या या. भरपूर उरलंय." आणि तिने फोन पुन्हा पावाशेजारी ठेवून झाकण लावलं.

सफरचंद तिने आडवं कापलं. बियांची चांदणी पूर्ण निघाली, म्हणजे वर्ष चांगलं. पाच फोडी पाचांनी खाल्ल्या. मग ती टेबलाखाली शिरली. या वेळी पॉलाने तिचा दंड धरला आणि तिने धरू दिला. कुलूप उघडलं, साखळी खळकन फरशीवर पडली.

ओंद्रे डब्याकडे निघाला तशी ती म्हणाली, "थांब. आधी मला दाखवा. मी फसले तरच फोन लाव."

तिचं म्हणणं रास्त होतं. जुरायच्या कारखान्याचा प्रत्येक सामना तिने लाकडी बाकावर बसून पाहिला होता. समोरचे काय करणार हे ती शेजारणीला आधी सांगायची, आणि शेजारीण पैज लावायची बंद झाली होती. तिने खुर्ची भिंतीकडे ओढली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसली. मेटो स्वयंपाकघराच्या मधोमध खाली वाकला. एक गुडघा कट् वाजला. उजव्या हाताची तीन बोटं फरशीवर रोवली, पाठ सपाट केली, मान वर. पेरं पांढरीफटक झाली होती.

वेरोनाने पेरं बघितली, खांदे बघितले, मग त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"धाव," ती म्हणाली.

पॉलाने टाळी वाजवली आणि मेटो मागे गेला. साठ वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्याचा माणूस पुढे एक बोटही न येता, दोन पावलं मागे सरकून, दोन्ही तळवे छातीपुढे धरून भिंतीसारखा उभा राहिला. फेक.

 वेरोनाचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आणि हसता हसता एप्रनने डोळे पुसत होती.

"लबाडा," ती म्हणाली. "तुझ्या बापालाही कधी जमलं नाही." आणि थोरल्याला म्हणाली, "लाव फोन."

मेटो पुन्हा खाली वाकला होता. बोटांची जागा त्याला अजून पसंत नव्हती. ओंद्रेने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ह्रिंको बोलतोय. रविवारी मेटो माझ्या शेजारी उभा असेल, आणि मी असेन तितके रविवार असेल. करार तसा लिहून पाठवा. नाही पाठवलात तरी रविवारचा सामना आम्ही जिंकून देतो, मग तुम्ही दुसरा माणूस बघा."  कराराचं काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सोमवारपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली होती. "आणि आई म्हणतेय ते खरं आहे. उद्या जेवायला या. चार वाजता."

त्याने फोन डब्यात टाकला. लेनोर ताटं गोळा करायला लागली होती. तिने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं का बोलून?" खालून मेटोचा आवाज आला. तो अजून तीन बोटांवर होता, आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. "झालं असेल तर ये इकडे. गुडघा अडकलाय."

ओंद्रेने वाकून त्याला दोन्ही हात दिले. धाकट्याने ते घट्ट धरले, पण उठायच्या आधी सवयीने आईकडे पाहिलं.

"ऊठ," वेरोना म्हणाली. "साखळी काढलीये."